‘विद्यापीठ-उद्योग सहकार्य’ : यातला उद्योग म्हणजे नेमका कोण?

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन 1991 साली भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये गेली. ती कंपनी आता बंद पडली आहे, पण तसल्या प्रेसवर हात घालणारी माणसं आजही पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत रोज तीन पाळ्यांत कामाला जातात. त्यातली काही आमच्या रहाटणीतच भाड्याने राहतात.

काही दिवसांपूर्वी रात्री जेवणं झाल्यावर माझी मुलगी त्या हाताकडे बघत म्हणाली, “आजोबा, प्रेस डबल मारायच्या आधी काही कळतं का?”

ज्यांनी प्रेस चालवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायडल दाबलं की प्रेस एकदा खाली यायला हवा आणि वर जाऊन थांबायला हवा. जुन्या प्रेसमध्ये क्लचची चावी झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की तो कधीतरी न सांगता दुसऱ्यांदा खाली येतो. यालाच कामगार ‘डबल मारला’ म्हणतात. पहिला ठोका पडल्यावर कामगार पार्ट काढायला हात आत घालतो, आणि नेमका तेव्हाच दुसरा ठोका पडतो.

वडील म्हणाले, “कळतंय की. आठ-धा दिस आधीपासून त्याचा आवाज बदलतोय. एकच ठोका यायचा, तो फाटल्यासारखा यायला लागतो. मी सुपरवायझरला सांगितलं होतं. तो म्हणला, तू मेकॅनिक हैस का हेल्पर?”

मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने लगेच वही काढली. प्रेसच्या अंगावर कंप मोजणारा एक छोटा सेन्सर बसवायचा, त्याला चांगला ठोका आणि फाटलेला ठोका यातला फरक शिकवायचा, आणि क्लच झिजायला लागला की दिवा लावून इशारा द्यायचा, अशी तिची कल्पना होती. नव्या महागड्या प्रेसवर संरक्षणाची साधनं येतात. जुना प्रेस मात्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये विकला जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचा झिजलेला क्लचही जातो. म्हणून तिचा प्रकल्प जुन्या प्रेससाठी होता.

मित्रांनो, हा लेख तिच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. त्या वहीचं पुढे काय झालं, त्यातून मला सरकारच्या एका मोठ्या धोरणाचा अर्थ कळला, म्हणून लिहितो आहे.

तिच्या कॉलेजात उद्योगांशी सहकार्य करणारा एक कक्ष आहे. असा कक्ष आता जवळपास प्रत्येक कॉलेजात असतो. तिथे तिला सांगण्यात आलं की कंपनीच्या लेटरहेडवर पत्र आणलं तर प्रकल्प ‘प्रायोजित’ धरला जाईल. प्रायोजित प्रकल्पाला कंपनीचा मार्गदर्शक मिळतो, प्रयोगशाळा जास्त वेळ वापरता येते, पुढे नोकरीच्या मुलाखतीतही त्याचं वजन पडतं. तिने विचारलं, पत्र कुठून आणायचं? उत्तर आलं, “घरी कुणी इंडस्ट्रीत आहे का?”

ती म्हणाली, “आजोबांनी एकतीस वर्षं प्रेस चालवला. वडील टूलरूमला आहेत.” समोरचे सर हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. ते म्हणाले, “तसं नाही गं. इंडस्ट्रीत म्हणजे, म्हणजे कुणाची कंपनी वगैरे.”

तिच्या वर्गात कुणाला मामाचं पत्र मिळालं, कुणाला वडिलांच्या मित्राचं. माझ्या मुलीच्या घरात दोन पिढ्या उद्योगात झिजल्या, आणि तरी तिच्या घरी ‘इंडस्ट्रीत’ कुणीच नव्हतं.

आता सरकारचे आकडे बघा. भारत संशोधनावर आपल्या सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो, हा 2020-21 चा सरकारी आकडा आहे. तो फार कमी आहे हे सगळेच मान्य करतात. तो वाढवायचा मार्ग म्हणून सरकारने विद्यापीठ आणि उद्योग यांना एकत्र आणायचं ठरवलं. 2018 मध्ये सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय मोहिमेला 3,660 कोटी रुपये मंजूर झाले आणि देशभर 25 तंत्रज्ञान केंद्रं उभी राहिली. त्यातलं क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र पुण्यात आयसरमध्ये आहे. 2023 मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. त्याचं उद्दिष्ट पाच वर्षांत 50,000 कोटींचं आहे. 1 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्राच्या संशोधनासाठी 1 लाख कोटींची योजना मंजूर केली. यात कमी व्याजाने किंवा बिनव्याजी, लांब मुदतीचं भांडवल मिळणार आहे.

हे पैसे कुणाचे? माझे वडील बिडीच्या बंडलावरही कर भरतात. म्हणजे हे पैसे त्यांचेही आहेत. मग या पैशावर जे ‘सहकार्य’ उभं राहतं, त्यात त्यांची जागा कुठे आहे, हा प्रश्न विचारायला नको का?

धोरणं लिहिणारे एक गोष्ट गृहीत धरतात : आपल्या देशात विद्यापीठ आणि उद्योग यांच्यात दरी आहे, आणि ती निधी देऊन बुजवता येईल. दरी आहे हे खरंच आहे. पण ती कुणी खणली, हे कुठल्याच सरकारी कागदावर लिहिलेलं नसतं. ज्याच्या हातात पोथी होती त्याने हत्याराला हात लावायचा नाही, आणि ज्याच्या हातात हत्यार होतं त्याने अक्षर गिरवायचं नाही, हा या देशाचा हजारो वर्षांचा कायदा होता. चामडं कमावणाऱ्याला रसायन कळत होतं, लोहाराला धातू कळत होता, पण त्यांचं कळणं ‘ज्ञान’ म्हणून कधी लिहिलं गेलं नाही. जात कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचते, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिलं होतं. सुपरवायझरने माझ्या वडिलांना ‘मेकॅनिक हैस का हेल्पर’ विचारलं, तेव्हा तोच जुना कायदा भोसरीच्या शेडमध्ये बोलत होता. वडिलांच्या कानाला यंत्राचं दुखणं कळलं होतं. पण ते कळण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि त्याची किंमत दोन बोटं होती.

आमच्या घराला विद्यापीठ हा शब्दही असाच महागात पडला आहे. आमचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं. 1978 च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आमचंही घर जळालं. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ते पिंपरीला आले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा त्यांनी पिंपरीच्या आंबेडकर चौकात त्याच तीन बोटांच्या हाताने पेढे वाटले. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी घर गेलं, ते त्यांनी आजवर आतून पाहिलेलं नाही.

म्हणून मी विद्यापीठ-उद्योग सहकार्याच्या विरोधात नाही. उलट मी म्हणतो की हे सहकार्य आपल्याइतकं दुसऱ्या कुणालाही गरजेचं नाही. आपल्यातले काही मित्र म्हणतात, हा भांडवलदारांचा खेळ आहे, आपल्याला काय करायचं? मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी 1918 साली शेतीच्या तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात शेतीच्या दुखण्यावर औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला होता. ते यंत्राला घाबरणारे नव्हते. यंत्र कुणाच्या ताब्यात आहे, हे ते विचारत होते.

29 ऑक्टोबर 1942 चं त्यांचं निवेदन प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवं. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. अस्पृश्यांच्या तक्रारी मांडणारं हे निवेदन त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलं. त्यात ते म्हणतात की नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या मुलांचं भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण मिळालं पाहिजे, आणि तो खर्च त्यांच्या आईबापांना पेलणारा नाही. म्हणून भारतातल्या संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 2 लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी 1 लाख रुपये त्यांनी मागितले. सरकार बनारस आणि अलिगडच्या विद्यापीठांना प्रत्येकी 3 लाख देतं, याकडेही त्यांनी बोट दाखवलं. त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, जी आपण विसरलो : सरकारी छापखाने आणि रेल्वेचे वर्कशॉप इथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या.

म्हणजे एका हातात विद्यापीठाची शिष्यवृत्ती आणि दुसऱ्या हातात वर्कशॉपची उमेदवारी. ज्याला आज ‘सहकार्य’ म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजू बाबासाहेबांनी 1942 मध्ये एकाच कागदावर मांडल्या होत्या. फरक एवढाच की त्यांनी दोन संस्थांना जोडायची भाषा केली नाही, त्या दोन्ही संस्थांत आपला माणूस पोचवायची भाषा केली.

हे स्वप्न नव्हतं, याचा पुरावा पवनेच्या पलीकडे उभा आहे. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपण जिला एचए म्हणतो, ती 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने सरकारने उभारली. 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार यांच्या काळात हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं गेलं. म्हणजे संशोधन आणि उत्पादन एकाच कुंपणाच्या आत होतं. कंपनी सरकारी असल्यामुळे पुढे तिथे आरक्षणही आलं. पुढची कहाणी थकलेल्या पगारांची आणि विक्रीला काढलेल्या जमिनीची आहे, ती तुम्हाला माहीत आहे. पण सरकारी पैसा, संशोधन आणि सामाजिक न्याय एकत्र नांदू शकतात, हे तिने दाखवलं.

आता तोच सरकारी पैसा कारखान्याच्या फाटकातून न जाता अनुदान, कर्ज आणि भागभांडवल बनून खासगी कंपनीकडे जातो. त्या प्रवासात पैसा सरकारी राहतो, पण आरक्षण वाटेत गळून पडतं. खासगी कंपनीला आरक्षणाचं बंधन नाही. आणि संशोधनाच्या सरकारी जागांतही पळवाट जुनीच आहे. 23 जून 1975 च्या केंद्र सरकारच्या आदेशाने संशोधनाशी निगडित वैज्ञानिक-तांत्रिक पदं गट ‘अ’ च्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर आरक्षणातून वगळता येतात. 2019 मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या शिक्षक आरक्षणाचा कायदा झाला, त्याच्याही परिशिष्टात टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या काही संस्था वगळल्या आहेत. 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने आकडे मांडले, तेव्हा देशातल्या अव्वल आयआयटींत दलित-आदिवासी प्राध्यापक एक टक्क्याच्याही आत निघाले. उद्योगाच्या बाजूला मालक आपला नाही, विद्यापीठाच्या बाजूला प्राध्यापक आपला नाही. मग या दोघांच्या सहकार्यात आपल्या मुलीला पत्र कोण देणार?

इथे कुणी म्हणेल, संशोधनात गुणवत्ता बघायची, जात कशाला आणता? त्याला माझं उत्तर त्या वहीत आहे. माझी मुलगी पत्र शोधत एका ओळखीच्या कारखानदाराकडे गेली. मीही बरोबर होतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, “पोरगी हुशार आहे तुमची. पण हे यंत्र क्लच झिजल्याची तारीख-वेळ लिहून ठेवणार ना? उद्या कुणाचं बोट गेलं तर इन्स्पेक्टर पहिल्यांदा तेच मागेल. त्यापेक्षा प्रेस मिनिटाला चार ठोके जास्त कसा मारेल ते शोध, मी लगेच पत्र देतो.”

गुणवत्तेत काही कमी नव्हतं. प्रश्न चुकीच्या माणसाचा होता. कोणत्या प्रश्नाला संशोधन म्हणायचं, हेच ज्याच्या हातात पत्र आहे तो ठरवतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाने दरवर्षी अहवाल काढते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत हात-बोटं गमावलेल्या कामगारांची त्यात नोंद असते, आणि पॉवर प्रेस हे त्यातलं सर्वांत मोठं कारण आहे. आपल्याकडच्या गाड्या धडक चाचणीत किती तारे मिळवतात यावर संशोधन होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण त्या गाडीचा पत्रा दाबताना ज्याचं बोट गेलं, त्याच्या सुरक्षेला एकही तारा नाही.

मग मार्ग काय? सरकार खासगी उद्योगाला अटी घालू शकत नाही, हे म्हणणं खोटं आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम 3-अ आहे. नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायला ते सांगतं, आणि खासगी मालकही त्यात येतो. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणात 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करायची तरतूद आहे. 30 सप्टेंबर 2020 ला सामाजिक न्याय मंत्रालयाने आंबेडकर सामाजिक नवोन्मेष आणि इन्क्युबेशन मोहीम सुरू केली. तिच्यात इन्क्युबेटरमार्फत पुढे आलेल्या अनुसूचित जातीच्या तरुणाला तीन वर्षांत 30 लाखांपर्यंत भागभांडवल मिळू शकतं. म्हणजे दारं आहेत. माझ्या मुलीने कॉलेजात या योजनेबद्दल विचारलं तेव्हा तिथे कुणी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. दार असून उपयोग काय, वाट दाखवणाराच नसेल तर!

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असायला हव्यात. एक, संशोधनासाठी सरकारी अनुदान किंवा बिनव्याजी भांडवल घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने आणि केंद्राने आपल्या संशोधक, फेलो आणि इंटर्नची सामाजिक वर्गवारी दरवर्षी जाहीर करावी. दोन, या पैशातून निघणाऱ्या फेलोशिप आणि इंटर्नशिपला घटनात्मक आरक्षण लागू करावं. तीन, विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला उद्योगाचं पत्र आणायची जबाबदारी विद्यार्थ्याची नसून कॉलेजची असावी, म्हणजे मामा-काकांचा कोटा संपेल. चार, निधीचा एक ठरावीक हिस्सा कामगारांनी सुचवलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. पाच, सरकारी पैशातून निघालेल्या पेटंटच्या कमाईचा वाटा सार्वजनिक विद्यापीठाकडे परत यावा. सार्वजनिक पैशातून निघालेल्या बौद्धिक संपदेचं विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं, त्याचा कायदा झालाच नाही. ही चर्चा पुन्हा उघडायची असेल तर आपल्या अटींवर उघडू या.

आणि हे सगळं मागण्याआधी माहिती गोळा करा. आपल्या चिंचवडमध्ये ऑटो क्लस्टर आहे. केंद्राची योजना, महापालिका आणि उद्योजक यांच्या सहभागातून ते उभं राहिलं. आपल्यातल्या बहुतेकांना ते आठवतं ते प्रदर्शनांमुळे आणि कोविडच्या हॉस्पिटलमुळे. तिथे चाचणीच्या आणि नमुने बनवण्याच्या सोयी आहेत, हे आपल्या वस्तीतल्या किती डिप्लोमाच्या पोरांना माहीत आहे? तिथे जा, दर विचारा, विद्यार्थ्यांना सवलत आहे का विचारा. ज्या संस्थेला सरकारचा भरीव पैसा मिळतो ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ह) मध्ये येते. दहा रुपयांचा अर्ज करा : किती निधी आला, कुणाला गेला, बिंदुनामावली आहे का? जयंतीच्या वर्गणीतून एका डीजेऐवजी वस्तीतल्या एका विहारात एक सोल्डरिंगचं टेबल आणि दोन कॉम्प्युटर बसवता येतात. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, आमच्या भागात आम्ही तेच करायच्या खटपटीत आहोत.

मुलीच्या प्रकल्पाला शेवटपर्यंत पत्र मिळालं नाही. काळेवाडीत चळवळीतल्या एका मित्राचं दोन प्रेसचं छोटं शेड आहे. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, तेव्हा तोही मोकळा असतो. आम्ही तिघं तिथे जातो. मित्र चांगल्या क्लचवर आणि मग मुद्दाम बसवलेल्या झिजलेल्या चावीवर रिकामा प्रेस चालवतो, हात कुणीच आत घालत नाही. वडील स्टुलावर डोळे मिटून बसतात. ठोका फाटला की ते आपला तीन बोटांचा हात वर करतात, आणि मुलगी कॉम्प्युटरवर त्या ठोक्यासमोर खूण करते. त्यांच्या कानावरून ती यंत्राला शिकवते आहे. सुपरवायझरने जे ऐकलं नाही, ते पस्तीस वर्षांनी कुणीतरी लिहून घेतं आहे.

प्रकल्पाच्या अहवालात एक रकाना असतो, ‘उद्योगातील मार्गदर्शक’. तिथे तिने आजोबांचं नाव लिहिलं आहे. हुद्दा : प्रेस ऑपरेटर, अनुभव 31 वर्षे. कॉलेज ते स्वीकारेल की नाही, हे अजून ठरायचं आहे. स्वीकारलं नाही तर तो वाद कॉलेजच्या कक्षात मिटणार नाही, तो आपण रस्त्यावर आणि कागदावर दोन्हीकडे लढू. कारण त्या एका रकान्यात कुणाचं नाव बसतं, यावर लाख कोटींचं धोरण कुणासाठी आहे ते ठरतं.

जयभीम!